इंटरनेट कट्टा सुरू करताय? आधी नारळ फोडू नका

ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्याकडेही सुरू करायचंय, प्रोजेक्टर कुठला घेऊ?" प्रोजेक्टरचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो येतच नाही. कट्टे बंद पडण्याची कारणं दुसरीच असतात. बॅनर लागतो, पाहुणे चार शब्द बोलतात, पहिल्या आठवड्यात चाळीस माणसं येतात, तिसऱ्यात नऊ, आणि पाचव्यात फक्त किल्ली घेऊन आलेला माणूस.

कट्टा म्हणजे गावातल्या किंवा वस्तीतल्या तीन-चार स्वयंसेवकांनी आठवड्यातून एकदा जमून शेजाऱ्यापाजाऱ्यांना इंटरनेट नीट वापरायला शिकवणं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने वेब साक्षरतेची जी मांडणी केली तिचे तीन भाग आहेत: वाचणं, लिहिणं आणि सहभागी होणं. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम पहिल्याच्या अर्ध्यावर थांबतात, कारण सगळा वेळ "हे दाबा, ते दाबा" यात जातो. खाली दिलेला क्रम आम्ही तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात चुकतमाकत बसवला आहे. पायऱ्या पुढेमागे करू नका. आम्ही केल्या होत्या, म्हणून सांगतोय.

## १. स्वयंसेवक गोळा करा आणि आधी त्यांना अडाणी करा

सुरुवातीला तीन माणसं पुरतात, पण तिघंही कॉम्प्युटरवाली नकोत. एकाला फोनमधलं बऱ्यापैकी कळत असावं. दुसरी व्यक्ती अशी हवी की जिला गावात कुणाच्याही घरी थेट स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं: अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष किंवा निवृत्त शिक्षिका. तिसरा माणूस वक्तशीर असला की झालं. एका स्वयंसेवकामागे चारच शिकणारे धरा. तिघं असाल तर बारा जणांची तुकडी. तेरावा माणूस आला तर त्याचं नाव पुढच्या तुकडीत लिहा, संकोच करू नका.

कॉलेजची मुलं उत्साहाने येतात आणि त्यांना सगळं येतही असतं, पण शिकवताना तेच आड येतं. माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या महिन्यात एका आजींना मराठी टायपिंग लावायचं होतं. मी फोन हातात घेतला, वीस सेकंदांत कीबोर्ड लावला आणि "झालं बघा" म्हणून परत दिला. पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा समोर. नातवाने काहीतरी केलं आणि कीबोर्ड गेला होता. त्यांना मी काहीच शिकवलं नव्हतं, फक्त काम करून दिलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे एकच कडक नियम आहे: शिकणाऱ्याचा फोन स्वयंसेवकाने हातात घ्यायचा नाही. बोट दाखवायचं तेही स्क्रीनपासून वीतभर लांबून.

हा नियम तोंडी सांगून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी एक खेळ करा. स्वयंसेवकांच्या फोनची भाषा तमिळ किंवा बंगाली करायला लावा. जी वाचता येत नाही अशी कुठलीही चालेल. मग सांगा: "अक्षरं मोठी करून दाखव." दोन मिनिटांत कपाळावर घाम येतो. शेजारचा फोन ओढून घ्यायला लागला की त्याला थांबवा आणि फक्त बोलून मदत करायला सांगा. आपल्या काकूंना काय वाटत असेल ते त्यांना तिथे कळतं. (भाषा परत कशी आणायची ते आधी एका फोनवर नीट बघून ठेवा. आमच्या एका पोराचा फोन तासभर तमिळमध्येच होता.)

पुढे जाण्याआधी तपासा: प्रत्येक स्वयंसेवकाला फोनला हात न लावता आपल्या घरातल्या एका मोठ्या माणसाकडून एक काम पूर्ण करून घेता आलं का? नसेल तर अजून एक आठवडा थांबा.

## २. काय करणार नाही, ते लिहून भिंतीवर लावा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग कट्ट्याचं सेतू कार्यालय होतं. लोकांना फॉर्म भरून हवा असतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. पण तुम्ही पहिला फॉर्म भरलात की पुढच्या आठवड्यात दारात कागदपत्रं घेऊन रांग लागते, शिकायला कुणी येत नाही, आणि अर्ज नामंजूर झाला की खापर तुमच्यावर फुटतं.

आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हे आहे:

- आम्ही कुणाचा फॉर्म भरत नाही. भरायला शिकवतो. भरूनच हवा असेल तर आपले सरकार सेवा केंद्र आहे.
- पासवर्ड, पिन, ओटीपी आम्हाला सांगू नका. सांगायला लागलात तर आम्ही कान झाकू.
- आम्ही तुमच्या फोनमध्ये ॲप टाकून देत नाही.
- आधार, बँक पासबुक यांची झेरॉक्स घेत नाही.

कान झाकायचं आम्ही खरंच करतो. लोक हसतात, पण लक्षात ठेवतात.

हजेरीच्या वहीत फक्त नाव आणि कुठल्या आळीतले एवढंच लिहा. मोबाइल नंबर हवा असेल तर तो वेगळ्या वहीत, आणि ती वही कुलपात. बायकांचे नंबर उघड्या तक्त्यावर गेले की दुसऱ्या दिवसापासून कुणाला तरी नको ते फोन येतात, आणि त्या घरातली बाई परत येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. निरोप द्यायला ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. तिच्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. मात्र तुमचा नंबर समोरच्याने सेव्ह केलेला नसेल तर निरोप पोचत नाही. तेव्हा नंबर सेव्ह करणं हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा करा. दोन्ही कामं होतात.

खबरदारी: अठरा वर्षांखालची मुलं येणार असतील तर आईवडिलांची लेखी संमती घ्या, खोलीत कायम दोन मोठी माणसं ठेवा, आणि कुठल्याही मुलाचा फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. मुलांची तुकडी वेगळीच ठेवलेली बरी. नातू शेजारी असला की आजी फोन त्याच्याकडेच देतात.

## ३. जागा, वेळ आणि नेट

वाचनालय ही सगळ्यात चांगली जागा, आणि कारण अगदी साधं आहे. बरीच सार्वजनिक वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी असतात आणि दुपारी बंद. घरातल्या बायकांना मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारीच, जेवणं आटोपली की साधारण दोन ते चार. कार्यकारिणीला अर्ज द्या, किल्ली कुणाकडे राहील ते त्यात लिहा. वाचनालय नसेल तर समाजमंदिर किंवा शाळेची खोली. देवळाचा सभामंडप टाळा. काही जण तिथे येत नाहीत आणि न येण्याचं कारण तुम्हाला सांगतही नाहीत. कुणाच्या घरी तर नकोच.

शेतकरी पुरुष हवे असतील तर रात्री जेवणानंतरची वेळ ठेवा आणि पेरणीच्या दिवसांत सुट्टी द्या. लग्नसराई आणि गणपतीचे दहा दिवस धरूनच सहा आठवडे मोजा, नाहीतर मध्येच खंड पडतो आणि खंड पडलेली तुकडी सहसा परत जमत नाही.

सामान थोडंच लागतं: दोन एक्स्टेन्शन बोर्ड, सी-टाइप आणि जुन्या पिनेचे मिळून चार चार्जर, फळा, आणि एका जुन्या फोनमधून हॉटस्पॉट. हॉटस्पॉटला पासवर्ड हवाच आणि तो भिंतीवर चिकटवू नका. बारा फोन वायफायला जोडले की बाराही फोन आपापले अपडेट ओढायला लागतात आणि दिवसभराचा डेटा दहा मिनिटांत संपतो. म्हणून जोडल्यावर प्रत्येकाला त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'मीटर्ड' (म्हणजे डेटा जपून वापरायचा) करायला लावा.

टीव्हीवर फोन दाखवायचाच असेल तर तो तुमचा रोजचा फोन नको. माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला आणि खात्यातली शिल्लक सोळा माणसांनी वाचली. एकाने तर मोठ्याने वाचली. दाखवायला वेगळा जुना फोन ठेवा. त्यात बँकेचं काही नको आणि तुमचं व्हॉट्सॲपही नको.

पुढे जाण्याआधी तपासा: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत बसून तीन फोनवर एकदम व्हिडिओ चालतो का? जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत नेटवर्क दारापाशी असतं, आत नसतं.

## ४. अभ्यासक्रम ठरवण्याआधी वीस घरी जा

"तुम्हाला काय शिकायचंय?" असं विचारू नका. उत्तर येतं, "आम्हाला काय कळतंय, तुम्हीच सांगा." त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात फोनवरचं कुठलं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं? कुणाकडून? त्याचे किती पैसे दिले? आलेला कुठला मेसेज उघडायची भीती वाटली?

उत्तरं एकदम नेमकी येतात. सातबारा काढायला दुकानदाराने पन्नास घेतले. गॅसचा नंबर लावायला मुलाची वाट बघावी लागते. २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा खरी साइट कुठली हेच कळत नव्हतं. तुमचा अभ्यासक्रम इथेच तयार होतो.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता काढून घ्या: फोन कुणाचा? बऱ्याच घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलगा कामावर घेऊन जातो. त्या बाईंसाठी दुपारची वेळ कितीही सोयीची असली तरी फोन घरी नसतो. अशांसाठी दोन-तीन जुने फोन मागून ठेवा, मात्र आधीच्या मालकाकडून तो पूर्ण रिकामा करून घ्या.

खबरदारी: निवडणुका जवळ असतील तर चहापाणी, टी-शर्ट किंवा फोन 'भेट' द्यायला इच्छुक उमेदवार पुढे येतात. नम्रपणे नाही म्हणा. एकदा कुणाचा फोटो बॅनरवर आला की अर्धं गाव येत नाही.

## ५. पहिला दिवस

उद्घाटन नाही, भाषण नाही, हार-तुरे नाहीत. माणूस दारातून आत आला की नाव लिहा आणि लगेच बसवा. पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या फोनवर काहीतरी दिसेलसं बदललं पाहिजे. आम्ही अक्षरं मोठी करण्यापासून सुरुवात करतो. चष्मा कपाळावर सारून "अगं, दिसतंय की!" म्हणणारी बाई पुढचे सहा आठवडे येते.

त्यानंतर बहुतेक फोनवर 'स्टोरेज भरलं आहे' अशी सूचना निघते. त्यात शुभ सकाळचे गुलाब, गणपती आणि उगवते सूर्य भरलेले असतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज व्यवस्थापनात जाऊन हे पुसायला शिकवा, पण काय पुसायचं ते त्यांना ठरवू द्या. एका काकांनी गेलेल्या भावाचा व्हॉइस मेसेज त्याच ढिगात ठेवला होता. पोराने 'सगळं निवडा' सांगितलं असतं तर तो गेला असता.

उरलेल्या वेळात स्क्रीन लॉक आणि बोलून मराठीत लिहिणं. मायक्रोफोनचं चिन्ह दाबायचं, बोलायचं, अक्षरं उमटतात. त्या दिवशी एवढं भरपूर झालं. दीड तासाच्या वर ताणू नका.

## ६. पुढचे आठवडे: पत्ता, मेसेज, पैसा, फोटो

क्रम महत्त्वाचा आहे. पैशांचा विषय सगळ्यांना आधी हवा असतो, पण पत्ता वाचता येत नसेल तर पैशांचा धडा नुसता भीतीचा होतो.

दुसरा आठवडा: पत्ता वाचणं. हा धडा जमला तर निम्मं काम झालं, म्हणून याला पूर्ण दीड तास द्या. फळ्यावर घरचा पत्ता लिहा: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मग विचारा, "एखाद्या घराचं नाव 'पुणे निवास' असेल तर ते पुण्यात असतं का?" सगळे हसतात. का नसतं? कारण जिल्हा शेवटी लिहितात. वेबसाइटच्या पत्त्याचंही तसंच. पहिली एकेरी तिरपी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून उलट, शेवटाकडून वाचायचं.

खरा पत्ता लिहा: भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. शेवट 'जीओव्ही डॉट इन'. हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. त्याखाली खोटा लिहा: महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट उतारासेवा डॉट कॉम. दुसऱ्यात 'जीओव्ही' दिसतं, पण मध्ये आहे. शेवट कुणाही ऐऱ्यागैऱ्याचा. (फळ्यावर अर्थातच ही अक्षरं इंग्रजीत लिहा, फोनवर ती तशीच दिसणार आहेत. इंग्रजी येत नसेल तरी चालतं: शेवटच्या 'जीओव्ही डॉट इन'चं चित्र डोळ्यांत बसवायचं, बसचा बोर्ड ओळखतो तसं.)

मग आपापल्या फोनवर भूलेखच्या साइटवर जाऊन स्वतःचा सातबारा बघायचा. तिथे बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्याच दुसऱ्या साइटवरून १५ रुपयांत मिळतो. दुकानात दिलेल्या पन्नासांचा विषय तिथे आपोआप निघतो, तुम्हाला काढावा लागत नाही.

दोन चुका इथे हमखास होतात. एक म्हणजे शोधल्यावर सगळ्यात वर 'प्रायोजित' लिहिलेला निकाल येतो, आणि तोच खरा असं समजून लोक उघडतात. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बँकेचा किंवा कुरिअरचा कस्टमर केअर नंबर असा शोधून फोन लावणं तर फारच महागात पडतं. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा. दुसरी चूक शिकवणाऱ्यांची: "कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट खरी" असं अजूनही सांगतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप असतंच. क्रोमने तर २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

तिसरा आठवडा: मेसेज आणि फाइल. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पीएम किसानची यादी अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. टाकलं की ते तुमचे मेसेज वाचू शकतं आणि ओटीपी पलीकडे जातो. शिकवायचं वाक्य एकच: पत्रिका फोटोत येते किंवा पीडीएफमध्ये येते, एपीकेमध्ये कधीच येत नाही. याच दिवशी व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे ओटीपीशिवाय आणखी एक पिन मागणारं कुलूप, लावा. त्याचा सहा आकडी पिन त्यांनीच ठरवायचा, घरी जाऊन वहीत लिहायचा. पिन इथे बोलून दाखवणारे असतातच, तेव्हा कान झाका.

संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. हे करून बघायला लावा. आपल्या नावावरचा अनोळखी नंबर दिसला की खोलीत एकदम शांतता होते, आणि मग तो कळवायचा कसा हे सगळे मनापासून शिकतात.

'डिजिटल अरेस्ट' हा शब्दही याच दिवशी: पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर 'अटक' करायची आणि पैसे उकळायचे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कुठलीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. नुसतं सांगू नका. एका स्वयंसेवकाला खोटा इन्स्पेक्टर बनवा, शेजारच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावा, आणि शिकणाऱ्याने फोन कट करायचा. कट करणं सोपं वाटतं, पण साहेबाचा आवाज चढला की पंधरा-वीस सेकंद बोट पुढे जात नाही. दोन-तीनदा केल्यावर जातं.

चौथा आठवडा: पैसा. दोन स्वयंसेवकांनी सगळ्यांसमोर एकमेकांना एक रुपया पाठवायचा. पाठवणाऱ्याला पिन टाकावा लागला. घेणाऱ्याने काय केलं? काहीच नाही. हा प्रयोग तीन वेळा करा, बोलू नका. चौथ्यांदा विचारा, "पैसे घ्यायला पिन लागतो का?" उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या. क्यूआर स्कॅन करण्याचंही तेच: स्कॅन करतो तो पैसे देतो. जुनं कपाट विकायला काढलं आणि "पैसे टाकतो, हा कोड स्कॅन करा" असा निरोप आला, तर आता कुणालाही समजतं.

खबरदारी: हे प्रात्यक्षिक शिकणाऱ्यांच्या खात्यावर करू नका. एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी संशयाला जागा राहते.

पाचवा आठवडा: फोटो आणि बातम्या. गुगल लेन्सने फोटो उलट शोधायला, म्हणजे हाच फोटो आधी कुठे आलाय ते बघायला शिकवा. कुठल्या तरी पुराचा जुना फोटो 'आत्ताचा, आपल्याच तालुक्यातला' म्हणून फिरत असतो, असा एक आधीच शोधून ठेवा. राजकीय फोटो मात्र घेऊ नका. त्यावरून वाद पेटला की शोधायचं कसं ते राहून जातं आणि तास वाया जातो.

## ७. कुणाचे पैसे गेले असतील तर

हे होणारच, आणि बहुधा चौथ्या आठवड्यानंतर. कुणीतरी सगळे गेल्यावर मागे थांबतं आणि हळू आवाजात सांगायला लागतं. "तुम्ही ओटीपी दिलाच कसा?" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. त्याने काहीच परत येत नाही, उलट पुढची माणसं सांगायची थांबतात.

लगेच हे करा, याच क्रमाने:

१. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन. तो त्यांच्याच फोनवरून लावायचा, बोलायचं त्यांनीच, तुम्ही शेजारी बसायचं. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि कुठल्या बँकेतून गेले हे कागदावर आधी लिहून घ्या. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त.

२. बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणाची असेल, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केलीत, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर पैसे गेले तर ते नुकसान बँकेचं. म्हणजे लवकर कळवणं दोन्ही बाबतीत फायद्याचं.

३. मेसेज, चॅट काही पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या. लोकांना लाज वाटते, म्हणून ते पहिलं पुसतात तेच.

४. फोनवर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, नंतर गरजेप्रमाणे पोलीस ठाणे.

५. मागे कुणाच्या सांगण्यावरून फोनवर स्टारचं चिन्ह (*) आणि आकडे दाबले असतील तर कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात. ##००२# लावला की सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

हा कागद छापून दाराच्या आतल्या बाजूला लावा. आमच्याकडे तो कट्टा नसलेल्या दिवशीही वाचला जातो.

## ८. सहावा आठवडा: लिहायला लावा

इथपर्यंत आलेला माणूस वाचायला शिकलेला असतो. आता त्याने वेबवर स्वतःचं काहीतरी ठेवायचं. हा आठवडा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते कट्ट्यातला सगळ्यात मजेचा दिवस हाच.

मराठी विकिपीडिया सोयीचा. आपल्या तालुक्याचा लेख उघडा, एखादं चुकलेलं जोडाक्षर किंवा जुनी माहिती सापडतेच. सरावाला तिथे 'धूळपाटी' असते, आधी तिच्यावर दोन ओळी लिहायच्या, मग लेखात एकच दुरुस्ती.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात सगळे पडतात. एकाच नेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. बारा जण कट्ट्याच्या हॉटस्पॉटवर बसले की सातव्यापासून खातं उघडत नाही, आणि माणसांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून खाती आदल्या आठवड्यात आपापल्या घरून, आपापल्या डेटावर उघडायला सांगा.

आणि हो, गावच्या पुढाऱ्याचा, स्वतःचा किंवा आपल्या मंडळाचा लेख लिहायचा नाही. तो काढला जातो आणि काढल्यावर रुसवा कट्ट्यावर निघतो. लिहायचंच असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येते असा वेबवरचा नकाशा) गावातल्या विहिरी, शाळा, दवाखाना, पाणवठ्याकडे जाणारी वाट टाका. कुठली वाट पावसाळ्यात बंद असते हे नकाशा काढणाऱ्या कुठल्या कंपनीला माहीत नसतं, गुरं चारणाऱ्या काकांना माहीत असतं. लोकांची घरं, नावं, नंबर मात्र टाकायचे नाहीत.

## ९. दुसऱ्या तुकडीआधी

"समजलं का?" हा प्रश्न वहीतून कायमचा खोडा. त्याचं उत्तर 'हो' असतं, कायम. तीन कामं ठरवा आणि करून दाखवायला सांगा: हा पत्ता सरकारी आहे का ते ओळखा; हा फोटो जुना आहे का ते शोधा; एक ओळ मराठीत लिहून पाठवा. मदत शून्य. हेच पंधरा दिवसांनी पुन्हा. पहिल्या वेळी नऊ जणांना आलं आणि दुसऱ्या वेळी चौघांना, तर खरा आकडा चार. वहीत चारच लिहा.

पुढच्या तुकडीला पहिल्या तुकडीतले दोघं तरी स्वयंसेवक म्हणून घ्या. ज्यांना पटकन आलं त्यांना घेऊ नका. ज्यांना तिसऱ्यांदा आलं त्यांना घ्या. नेमकं कुठे अडतं ते त्यांच्या ताजं लक्षात असतं. त्यांच्याबरोबर पहिल्या पायरीतला तमिळ भाषेचा खेळ पुन्हा खेळा. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी हा खेळ त्याच कीबोर्डवाल्या आजींनी घेतला, आणि कॉलेजच्या पोराने शेजाऱ्याच्या फोनला हात लावल्याबरोबर त्याच्या मनगटावर पट्टी मारली.